‘हे कधी ठरलं?’ – सात कट्ट्यांवर विखुरलेला आमचा समुदाय

११ फेब्रुवारी २०२४ला आमच्या सॉफ्टवेअरची नवी आवृत्ती निघाली. नकाशांच्या फाइली एका स्वरूपातून दुसऱ्या स्वरूपात नेणारं हे लहानसं मुक्त स्रोत साधन. सांभाळणारे आम्ही पाच-सहा जण, सगळे नोकरीधंदा सांभाळून करणारे. या आवृत्तीत एक जुनं फाइल-स्वरूप आम्ही काढून टाकलं होतं. दोन दिवसांनी मेलिंग लिस्टवर एका जुन्या पॅकेजरांचा मेल आला. लिनक्सच्या एका वितरणासाठी (लिनक्सचा तयार संच) ते आमचं पॅकेज दहा वर्षं बांधत आलेत. मेलमध्ये एकच ओळ होती: ‘हे कधी ठरलं?’

उत्तर शोधायला मला पाऊण तास लागला. ठरलं होतं नोव्हेंबरात, डिस्कॉर्ड या चॅट-सेवेवर, रात्री उशिरा, चौघांच्या गप्पांत. ‘कुणाची हरकत?’ असं मीच विचारलं होतं, आणि वीस मिनिटांनी ‘नाही ना, मग काढू’ असंही मीच लिहिलं होतं. ज्यांची हरकत असू शकली असती त्यातलं कुणीही तिथे नव्हतं. पॅकेजर मेलवर, भाषांतर करणारे टेलिग्रामवर, सगळ्यात जुने दोघे आयआरसी या जुन्या मजकुरी चॅटवर. भाषांतरकारांनी तर जानेवारीत त्याच काढून टाकलेल्या भागातल्या साठएक ओळी मन लावून भाषांतरित केल्या होत्या.

ते स्वरूप परत घालून आम्ही आठवड्याभरात दुरुस्ती-आवृत्ती काढली. पण त्या एका ओळीने मला फार अस्वस्थ केलं. त्यात राग नव्हता. माणूस खरंच विचारत होता. तिथून पुढे वर्षभर जे केलं ते इथे लिहून ठेवतेय. अशा प्रकल्पात तुम्ही असाल तर यातला काही रस्ता तुम्हालाही चालावा लागेल.

आधी मोजणी

पहिलं काम केलं ते साधं: आपली माणसं कुठे कुठे बसतात याची यादी. फेब्रुवारीचे शेवटचे दोन शनिवार-रविवार त्यात गेले. मला वाटलं होतं चार जागा निघतील, निघाल्या सात. २००९पासूनची मेलिंग लिस्ट, आयआरसीचं चॅनेल, टेलिग्रामवरचा भाषांतरकारांचा ग्रुप, डिस्कॉर्डचा सर्व्हर, मॅट्रिक्स या खुल्या चॅट-जाळ्यावरची एक खोली, जिटहब या कोड ठेवायच्या जागेवरचे इश्यू (नोंदवलेल्या अडचणी), आणि एक सामायिक तक्ता, ज्याच्या रकान्यांतल्या टिप्पण्यांमधून दोघे जण सहा महिने एकमेकांशी बोलत होते. आठवी एक जागा होती, पण ती गेलेली होती: एका कंपनीच्या फुकट चॅट-सेवेत २०१८ ते २०२०च्या आमच्या चर्चा होत्या, आणि फुकट योजनेत जुने संदेश दिसेनासे होतात हे आम्ही मनावर घेतलं नव्हतं. दोन वर्षांच्या ‘असं का केलं’ची उत्तरं त्यात होती.

प्रत्येक जागा का जन्मली हेही शोधलं, आणि ते शोधल्यावर माझा सूर बदलला. आयआरसी १९८८चं, फिनलंडमधल्या औलू विद्यापीठात जन्मलेलं. आमचे जुने लोक प्रकल्प सुरू झाला तेव्हापासून तिथे आहेत, कारण तेव्हा मुक्त स्रोतवाले तिथेच असायचे. मे २०२१मध्ये फ्रीनोड या आयआरसी-जाळ्याचे बहुतेक स्वयंसेवक बाहेर पडले आणि १९ तारखेला लिबेरा चॅट हे त्यांचं नवं जाळं सुरू झालं, तेव्हा आमचं चॅनेलही तिकडे गेलं. पण आपण हललोय हे आम्ही मेलिंग लिस्टवर कळवलंच नाही. काही जण जुन्या जागीच वाट बघत राहिले, काहींनी त्याच सुमारास मॅट्रिक्सवर खोली उघडली. डिस्कॉर्ड एका विद्यार्थ्याने सुरू केलं, कारण आयआरसीवर त्याने प्रश्न विचारला आणि उत्तर यायच्या आत त्याचं जोडणं तुटलं. आयआरसीवर तुम्ही नसताना जे बोललं जातं ते तुम्हाला नंतर दिसत नाही. कुणीतरी उत्तर दिलं असेलही; त्याला ते कधी मिळालं नाही. कुठलीच जागा कुणी फूट पाडायला काढली नव्हती. प्रत्येक नवी जागा म्हणजे आधीच्या जागेत कुणाला तरी न मिळालेलं उत्तर होतं.

यादीत एक रकाना जरूर ठेवा: किल्ली कुणाकडे? आमचा टेलिग्राम ग्रुप ज्याच्या मालकीचा होता तो दोन वर्षांत बोलला नव्हता. आयआरसी चॅनेलचा संस्थापक म्हणून नोंद असलेलं खातं कुणाचं हेच आठवत नव्हतं. मेलिंग लिस्टचा पासवर्ड एकाच माणसाकडे, आणि प्रकल्पाचं डोमेन तिसऱ्याच कुणाच्या खासगी मेलवर नोंदलेलं. त्या रात्री मला झोप लागली नाही. यातला एक माणूस आजारी पडला असता तर?

किल्ल्या गोळा करायला पाच आठवडे लागले. टेलिग्रामवाल्याकडून तिसऱ्या मेलला उत्तर आलं; तो बाप झाला होता, त्यात बुडला होता, त्याने लगेच मालकी दिली. लिबेरावर प्रकल्पाची रीतसर नोंदणी करता येते. ती झाली की सुरुवातीला एकच हॅश (#) असलेलं चॅनेलनाव प्रकल्पाचं ठरतं आणि संस्थापक हरवला तरी प्रकल्पाचे प्रतिनिधी ते परत मिळवू शकतात. आपण खरंच त्या प्रकल्पाचे आहोत हे दाखवावं लागतं. संकेतस्थळावर चॅनेलचा उल्लेख आणि कोडमध्ये आपलं नाव एवढ्यावर आमचं भागलं. तिथलेही सगळे स्वयंसेवक आहेत, तेव्हा घाई करू नका. आता प्रत्येक जागेच्या किल्ल्या किमान तिघांकडे आहेत.

सगळ्यांना एका जागी आणण्याचा माझा हट्ट

१० मार्चला मी प्रस्ताव मांडला: बाकी सगळं बंद, सगळे मॅट्रिक्सवर. कारणं चांगली होती. मॅट्रिक्स खुलं आहे, मोझिलाने २०२०मध्ये आपलं आयआरसी बंद करून तोच मार्ग धरला होता. सातही ठिकाणी मी तोच मजकूर चिकटवला आणि सात ठिकाणी सात वेगळे वाद पेटले. इथे काय बोलणं झालं ते तिथे सांगत मी तीन आठवडे फिरत होते, रोज दीड-दोन तास.

त्या वादातून जे शिकले ते इतर कशातूनही शिकले नसते. आयआरसीवरचे एक जण अंध आहेत. स्क्रीन रीडरवर (पडद्यावरचा मजकूर वाचून दाखवणारं साधन) त्यांना साधा मजकुरी क्लायंट सर्वांत सुखाचा वाटतो. वर्षानुवर्षांची त्यांची मांडणी त्यावर बसलीय. मेलवरच्या एक बाई दिवसातून एकदाच जोडल्या जातात, सगळं उतरवून घेतात आणि जोडणी नसताना उत्तरं लिहून ठेवतात. टेलिग्रामवरच्या अनेकांकडे फक्त फोन आहे. उलट टेलिग्रामला फोन नंबर लागतो, आणि एकीला तो कुणालाही द्यायचा नव्हता. तिची कारणं तिने एकट्या मला सांगितली, आणि ती ऐकल्यावर मी पुन्हा तो विषय काढला नाही. मुक्त सॉफ्टवेअरवर काम करताना डिस्कॉर्डसारख्या बंद ठिकाणी जाणार नाही, असं तत्त्वाने म्हणणारे तिघे. डिस्कॉर्डवरची मुलं तिथे आधीच दिवसभर असतात, म्हणून आमच्याकडेही डोकावतात.

२ एप्रिलला प्रस्ताव मागे घेतला. ‘कुणालाही उठवायचं नाही. निरोप पोचवायची व्यवस्था करू,’ असं लिहिलं. त्या दिवशी आयआरसीवरच्या एका अबोल माणसाने मला खासगीत नुसतं ‘आभार’ एवढं लिहिलं होतं.

पूल

चॅटच्या चार जागा जोडायला मॅटरब्रिज घेतलं. गो भाषेत लिहिलेलं हे मुक्त साधन. एकच फाइल चालवायची, एका मांडणी-फाइलमध्ये प्रत्येक जागेचा बॉट (आपोआप चालणारं खातं) आणि कोणती खोली कोणाशी जोडायची ते लिहायचं. एका ठिकाणी लिहिलेलं बॉट दुसऱ्या तीन ठिकाणी बोलून दाखवतो. लिबेरा आणि मॅट्रिक्स यांना जोडणारा मोठा सार्वजनिक पूल ऑगस्ट २०२३मध्ये थांबला होता, त्यामुळे स्वतःचा चालवण्यावाचून गत्यंतर नव्हतं. अगदी लहान सर्व्हरवर तो चालतो. पहिले चार महिने त्याचं भाडं आम्ही दोघींनी खिशातून भरलं, नंतर प्रकल्पाच्या देणग्यांतून. ते हिशेबाच्या पानावर पहिल्या दिवसापासून लिहून ठेवलं, ते बरं झालं.

खऱ्या खोल्यांना हात लावायच्या आधी प्रत्येक ठिकाणी एक चाचणी-खोली काढून महिनाभर तिथे खेळलो. पुढचं सगळं त्या महिन्यातलं आहे, आणि जवळजवळ प्रत्येक गोष्टीला माझी एकेक संध्याकाळ गेलीय.

टेलिग्रामवर बॉट ग्रुपमध्ये घातला तरी त्याला बोलणं ऐकूच येईना. नव्या बॉटला ‘प्रायव्हसी मोड’ लागलेला असतो; टेलिग्रामच्या बॉटफादर या बॉटकडे जाऊन तो काढावा लागतो, आणि मग बॉटला ग्रुपमधून काढून परत घालावं लागतं. डिस्कॉर्डवरही तसंच: संदेशाचा मजकूर वाचायची परवानगी विकसकांच्या पानावर वेगळी चालू करायची, नाहीतर बॉटला रिकामे संदेश दिसतात. मॅट्रिक्सवर आमच्या खोलीचं कूटलेखन (एन्क्रिप्शन) चालू होतं आणि मॅटरब्रिजला कूटबद्ध खोली वाचता येत नाही. मॅट्रिक्सवर एकदा चालू केलेलं कूटलेखन बंद करता येत नाही, हे ठाऊक नसल्याने मी ते बटण बराच वेळ शोधत बसले. शेवटी नवी खोली काढली आणि जुन्या खोलीचा पत्ता तिच्याकडे वळवला. सार्वजनिक चर्चेच्या खोलीला कूटलेखन सुरुवातीलाच लावू नका. ज्या खोलीत कुणीही येऊन वाचू शकतं तिथे त्याचा उपयोगही नसतो.

आणखी एक, जी मला कुठे वाचायला मिळाली नव्हती. आयआरसीचा एक संदेश ५१२ बाइटांच्या वर जात नाही, आणि त्यातच चॅनेलचं नाव वगैरेही बसवायचं असतं. इंग्रजीत एका अक्षराला एक बाइट, पण युटीएफ-८ या अक्षरं साठवायच्या पद्धतीत देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाला तीन, म्हणजे काना, मात्रा, अनुस्वार सगळ्यांना वेगवेगळे तीन. आमच्या भाषांतरकारांनी टेलिग्रामवर मराठीत तीन ओळी लिहिल्या की आयआरसीवर वाक्य मधेच तुटायचं, दीडशे चिन्हंसुद्धा पोचत नसत. लोकांना वाटे, अर्धवट बोलून ही गप्प का बसली? मॅटरब्रिजमध्ये लांब संदेश तोडून दोन-तीन ओळींत पाठवायची सोय आहे, ती आयआरसीच्या भागात चालू करा. आपल्या लिपीत बोलणाऱ्या कुठल्याही समुदायाला हे लागेल.

१८ मेला पूल खऱ्या खोल्यांवर चालू केला. त्याआधी आठवडाभर प्रत्येक खोलीच्या विषय-ओळीत सूचना लावली होती की इथलं बोलणं अमुक तीन ठिकाणी दिसेल. हा टप्पा गाळू नका. माझं म्हणणं कुठे कुठे जातंय हे माहीत असण्याचा हक्क प्रत्येकाला आहे. आयआरसीवरच्या दोघांनी डिस्कॉर्डवर आपले शब्द नकोत म्हणून सांगितलं. त्यांच्यासाठी पुलाला न जोडलेलं एक दुसरं चॅनेल काढून दिलं. त्यातले एक तीन महिन्यांनी आपणहून परत आले.

पहिली संध्याकाळ मात्र विसरणार नाही. डिस्कॉर्डवर एका मुलीने विचारलं की निर्देशांक-पद्धत बदलताना बिंदू काही मीटर सरकतात, ते का. आणि त्या अंध गृहस्थांनी आयआरसीवरून तिला वीस मिनिटं समजावून सांगितलं. तो भाग मुळात त्यांनीच लिहिलेला आहे. तिला हे ठाऊकच नव्हतं. ती म्हणाली, ‘मला वाटलं, हे लिहिणारे लोक केव्हाच निघून गेले असतील.’

जूनमधली रात्र

९ जूनच्या रात्री एका खोलीत कुणीतरी घाण ओतायला सुरुवात केली. आमच्या बॉटने इमानेइतबारे ती उरलेल्या तीन ठिकाणी वाटली. तिथल्या मॉडरेटरांनी त्या माणसाला काढायचा प्रयत्न केला, पण त्यांच्या खोलीत तो नव्हताच, होता फक्त आमचा बॉट. एका बाजूची बंदी पुलावरून पलीकडे जात नाही. मी झोपलेले, पुलाचं बटण माझ्याकडेच. सहा तास ते चालू होतं. सकाळी चार खोल्या हाताने साफ केल्या. आयआरसीवर तर गेलेले शब्द परत घेताच येत नाहीत. नऊ जण निघून गेले, त्यातले चार परतले नाहीत. त्यांना मी वैयक्तिक माफीचं लिहिलं.

पूल दोन आठवडे बंद ठेवला. पुन्हा चालू केला तो या तयारीनिशी: पूल थांबवायचा अधिकार तीन वेगवेगळ्या कालविभागांतल्या तिघांकडे, चारही खोल्यांच्या मॉडरेटरांची एक छोटी सामायिक खोली, आणि सगळीकडे एकच आचारसंहिता. आचारसंहिता आम्ही नव्याने लिहिली नाही. २०१४पासून असलेला कॉन्ट्रिब्युटर कव्हेनंट घेतला, पण तक्रार कुणाकडे करायची ती नावं आणि मेल-पत्ते मात्र नीट भरले. ती जागा बऱ्याच प्रकल्पांत कोरी राहिलेली असते. तक्रारकर्त्याला कोऱ्या जागेचा काय उपयोग?

मध्ये एकदा टेलिग्रामची बाजू दोन दिवस मुकी झाली. नव्या सदस्यांना जुने संदेश दिसावेत म्हणून मी एक पर्याय बदलला होता. त्याने साधा ग्रुप ‘सुपरग्रुप’ झाला आणि ग्रुपचा क्रमांकच बदलला. मांडणी-फाइलमध्ये नवा क्रमांक घातला की झालं. तुम्ही हे आधीच करून घ्या, म्हणजे मधेच गोंधळ नको.

हरवले नव्हते, तोडले गेले होते

जुलैत मेलिंग लिस्टकडे वळलो. ती मेलमॅन २ या जुन्या लिस्ट-सॉफ्टवेअरवर चालत होती, जे पायथॉन २ या प्रोग्रॅमिंग भाषेवर उभं आहे, आणि पायथॉन २चा आधार १ जानेवारी २०२०लाच संपला. हलवावी लागणारच होती. लिनक्सचा डेस्कटॉप बनवणाऱ्या ग्नोम प्रकल्पाने २०२२मध्ये आपल्या लिस्ट बंद करून डिसकोर्स या चर्चामंचावर नेल्या, पायथॉनच्या बऱ्याच चर्चाही तिकडेच गेल्यात. डिसकोर्सवर चर्चा ब्राउझरात दिसतात, पण मेलने येतात आणि मेलनेच उत्तर देता येतं. दिवसातून एकदा जोडल्या जाणाऱ्या त्या बाईंना आधी दोन आठवडे वापरायला दिलं. त्यांनी होकार दिल्यावरच पुढे सरकलो.

सदस्यांची यादी उतरवताना एक गोष्ट दिसली, जिने माझ्या पोटात कालवलं. ४१२पैकी ३१ जणांच्या नावापुढे मेलचं वितरण बंद असल्याची खूण होती. त्यांनी स्वतः बंद केलेलं नव्हतं. मेलमॅनने केलं होतं. कारण असं: एप्रिल २०१४मध्ये याहूने आपल्या पत्त्यांसाठी डीमार्कचं (पाठवणाऱ्याचा पत्ता खोटा नाही ना, हे तपासायची पद्धत) कडक धोरण लावलं, नंतर इतरांनीही. अशा पत्त्यावरून लिस्टला मेल आला की लिस्ट त्याच्या तळाशी आपली ओळ जोडते, त्यामुळे मेलची मूळ डिजिटल सही मोडते, आणि वाचणाऱ्याचा सर्व्हर तो मेल खोटा समजून परत पाठवतो. ठरावीक वेळा मेल परत आला की मेलमॅनला वाटतं, वाचणाऱ्याचा पत्ताच मेला, आणि तो त्याचं वितरण थांबवतो. म्हणजे लिहिणाऱ्याच्या पत्त्याच्या धोरणाची शिक्षा वाचणाऱ्याला.

आम्ही त्यांना ‘निघून गेलेले’ म्हणत होतो. एकेकाला हाताने मेल लिहिला, एकतीस मेल, चार संध्याकाळी. नऊ जणांनी उत्तर दिलं. एकाने लिहिलं, ‘मला वाटलं प्रकल्प थांबला.’ २०१७पासून त्याला काहीच आलं नव्हतं. त्याच्या डोक्यात सात वर्षं आम्ही बंद पडलेलो होतो, आणि आम्ही त्याचं नाव आभाराच्या यादीत ‘माजी’ म्हणून छापत होतो. तुमची लिस्ट जुनी असेल तर बाकी काही करा न करा, ही खूण आज तपासा.

स्थलांतराबद्दल थोडक्यात. मेलचा जुना साठा एमबॉक्स फाइलींत (अनेक मेल एकापाठोपाठ साठवलेली मजकुरी फाइल) असतो, आणि तो डिसकोर्समध्ये ओतायची स्क्रिप्ट तयार मिळते. एमबॉक्समध्ये ‘फ्रॉम’ आणि मोकळी जागा यांनी सुरू होणारी ओळ म्हणजे नवा मेल. जुन्या साठ्यात कुणाचं वाक्यच त्या शब्दाने सुरू झालेलं असलं की एका मेलचे दोन होतात. आमच्याकडे अशी दोनशेच्या वर ठिकाणं निघाली. जुन्या अक्षरसंचांमुळे नावांतली स्वरचिन्हं विस्कटली, ती दुरुस्त केली. तीन वेळा कोऱ्या जागेत ओतून पाहिलं, चौथ्यांदा खरं. एकेक फेरी अकरा तासांची. ओतताना बाहेर जाणारे मेल बंद आहेत ना, हे दोघांनी वेगवेगळं तपासा. नाहीतर पंधरा वर्षांपूर्वीच्या चर्चा सगळ्यांच्या पेटीत पुन्हा जाऊन पडतील. एका सदस्याने २०१२च्या मेलमधला आपला फोन नंबर काढायला सांगितलं, तो काढला. जुने दुवे नव्या जागी वळवण्याचा तक्ता करून ठेवला, कारण कोडमधल्या टिप्पण्यांत त्या दुव्यांचे हवाले आहेत.

नव्या सर्व्हरचे मेल पहिले दोन आठवडे अनेकांच्या स्पॅममध्ये जात होते. मेल खरंच आपलाच आहे हे पटवणाऱ्या एसपीएफ, डीकिम, डीमार्क या तिन्ही नोंदी आणि सर्व्हरच्या पत्त्याची उलटी नोंद घातली. फेब्रुवारी २०२४पासून जीमेल आणि याहूने मेल पाठवणाऱ्यांसाठी नियम आणखी आवळलेत, त्यामुळे यात ‘चालून जाईल’ असं काही उरलेलं नाही. सप्टेंबरच्या मध्यावर स्थिरस्थावर झालं.

निरोपे

हे सगळं चालू असतानाच ऑगस्टात एक छोटी गोष्ट घडली होती, ती सांगायची राहिली. पुलावर एक निर्णय झाला, चारही खोल्यांत दिसला, आणि तरीही तीन दिवसांनी भाषांतर बघणारी मैत्रीण म्हणाली, ‘मला कळलंच नाही.’ संदेश तिच्या फोनवर आला होता, पण दीडशे संदेशांच्या खाली. पुलाने बडबड सगळ्यांपर्यंत पोचवली होती. त्यातलं काय आपल्यासाठी आहे हे शोधण्याचं काम मात्र प्रत्येकावर एकट्याने पडलं होतं. हे तंत्राने सुटण्यातलं नाही, हे तेव्हा मला मनापासून पटलं.

म्हणून माणसं नेमली. प्रत्येक जागेचा एक निरोप्या. निरोप्याने आठवडाभर आपल्या जागेवर लक्ष ठेवायचं आणि शुक्रवारपर्यंत सामायिक पानावर चार-पाच ओळी लिहायच्या: काय ठरत आलंय, कोण कुठे अडलंय, कोण नवीन आलंय. शनिवारी एक जण त्याचं एक छोटं वार्तापत्र करतो, आणि ते डिसकोर्सवर, म्हणजे मेलवरही, आणि चारही खोल्यांत जातं. पहिलं ५ ऑक्टोबर २०२४ला गेलं. सुरुवातीला मला तीन तास लागायचे, आता सव्वा तास. नमुना पान करून ठेवलंय त्यामुळे कुणीही करू शकतं. लांबी फोनच्या दोन पडद्यांपलीकडे जाऊ देत नाही. ‘कोण अडलंय’ हा भाग सर्वांत जास्त वाचला जातो, असं मला प्रतिसादांवरून दिसतं. तिथे नाव आलं की बहुतेकदा सोमवारपर्यंत मदत मिळालेली असते. अर्थात नाव घालायच्या आधी त्या माणसाला विचारतो.

आणि एक नियम केला. अपाची फाउंडेशन या मुक्त सॉफ्टवेअरच्या संस्थेच्या प्रकल्पांत म्हणतात की जे लिस्टवर घडलं नाही ते घडलंच नाही. आम्ही तेवढे कडक झालो नाही. गप्पा कुठेही मारा, कल्पना कुठेही सुचू देत. पण निर्णय म्हणायचा तर तो डिसकोर्सच्या ‘निर्णय’ विभागात स्वतंत्र धाग्यावर लिहायचा आणि सात दिवस उघडा ठेवायचा. अपाचीत साधारण ७२ तासांची प्रथा आहे. आमच्यातले निम्मे लोक फक्त सुट्टीच्या दिवशी येतात, ७२ तास त्यांच्या दोन सुट्ट्यांच्या मधे हरवून जातात. धाग्यात चार गोष्टी हव्यात: काय, का, कुणाला त्रास होऊ शकतो, आणि हरकतीची शेवटची तारीख. वेळ नेहमी यूटीसीत, म्हणजे जागतिक प्रमाणवेळेत. तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर ‘कुणालाच नाही’ असं लिहायला बंदी आहे. नीट शोधलं की कुणीतरी सापडतंच.

पहिले दोन महिने लोक वैतागले. मीसुद्धा. एक तीन ओळींचा बदल सात दिवस अडकला, तेव्हा एका तरुण मेंटेनरने रागाने लिहिलं की आपण कचेरी झालो. त्याचं बरोबर होतं. मग भेद केला: जे सहज परत फिरवता येतं त्याला धागा नको. स्वरूपं, आज्ञांची नावं, मांडणी-फाइली, भाषांतराच्या ओळी, जे बदललं की दुसऱ्या कुणाचं काम मोडतं, त्यालाच हवा.

निरोप्यांबाबत एक जपायला हवं. हे काम दिसत नाही. कोडमध्ये नोंद होत नाही, आकडेमोडीत येत नाही. तीन महिन्यांत पहिल्या चौघांतले दोघे थकले, आणि थकल्याचं सांगायला त्यांना संकोच वाटत होता. आता पाळी सहा आठवड्यांची असते, संपली की आपोआप सुटका, आणि प्रत्येक आवृत्तीच्या आभारांत निरोप्यांची नावं कोड लिहिणाऱ्यांच्या बरोबरीने छापतो.

मार्च २०२५

या मार्चमध्ये आम्ही ते जुनं स्वरूप काढायचा विषय पुन्हा घेतला. तेच, ज्यावरून सगळं सुरू झालं. १ तारखेला धागा उघडला. ‘कुणाला त्रास’ या ओळीत पॅकेजर आणि भाषांतरकार दोघांचाही उल्लेख केला. शनिवारच्या वार्तापत्रात सर्वांत वर तेच होतं.

पाचव्या दिवशी हरकत आली. त्याच जुन्या पॅकेजरांची, मेलवरून, या वेळी एका ओळीची नाही तर दोन पानांची. त्यांच्या वितरणाची पुढची आवृत्ती याच जुन्या स्वरूपावर अवलंबून असलेल्या दुसऱ्या एका साधनासह गोठवली जाणार होती. आता काढलं असतं तर ते साधन पुढची काही वर्षं मोडकं राहिलं असतं. शेवटी त्यांनी लिहिलं होतं की सहा महिने थांबलात तर बदलाचा पॅच, म्हणजे बदललेला कोड, ते स्वतः लिहून देतील. त्याखाली टेलिग्रामवरच्या निरोप्याने लिहिलं की भाषांतरकारांना सहा महिने चालतील. त्याच्याखाली त्या अंध गृहस्थांनी, डिसकोर्सवर मेलने पहिल्यांदाच, पॅचमध्ये कुठे सांभाळायचं ते सांगितलं.

थांबायचं ठरलं. धाग्याच्या वर नवी तारीख घातलीय. पॅचचा पहिला मसुदा गेल्या रविवारी आलाय. त्यावरची पहिली टिप्पणी डिस्कॉर्डवरच्या त्या मुलीची आहे.